बाटली फुल पण रेडिएटर रिकामा: गाडी दर दोन-तीन आठवड्यांनी गरम होत होती त्याचं सापडलेलं कारण

ज्यांची जुनी छोटी गाडी अशी वागतेय की गरम होते, गॅरेजला नेली की मेकॅनिक रेडिएटरमध्ये (इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी) पाणी टाकून देतो, मग दोन-तीन आठवडे अगदी शहाण्यासारखी चालते आणि परत एखाद्या सिग्नलला नाहीतर घाटात लाल दिवा लावते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझे यात दहा महिने आणि आठ-नऊ हजार रुपये गेले, वर इंजिनचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायचं चाललं होतं, आणि शेवटी निघालं काय तर वीतभर रबरी नळी.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड घेतली तेव्हा ६१ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही, इंजिनाच्या उष्णतेत दहा वर्षं राहिलेलं रबर कडक होणारच. डॅशबोर्डवर टेंपरेचरचा काटा नाही, फक्त दिवे आहेत, इंजिन थंड असताना निळा आणि फारच तापलं की लाल. मधलं काही कळायची सोय नाही, म्हणजे ताप चढतोय हे कळत नाही, डायरेक्ट फिट आल्यावरच कळतं.

पहिल्यांदा झालं मे महिन्यात. पुण्याहून वाईला माहेरी निघाले होते, एसी चालू, खंबाटकी चढताना पुढे ट्रकची रांग, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, आणि दिवा लागला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आणि मी वेड्यासारखी रुमाल घेऊन रेडिएटरच्या कॅपकडे हात नेतेय तेवढ्यात मागच्या कांद्याच्या ट्रकमधले काका खिडकीतून ओरडले, "ओ ताई, झाकणाला हात लावू नका, थोबाड भाजंल!" त्यांचे उपकार आहेत. आतमध्ये प्रेशरखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, कॅप सैल केली की क्षणात उकळून कारंजं उडतं. तासभर तरी थांबायचं, वरचा जाड होज पाइप हाताला साधा कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ लागला तरच कॅप, तीही जाड फडकं धरून. मी थांबले. रेडिएटरशेजारची जास्तीच्या पाण्याची बाटली बघितली तर फुल. म्हणजे पाणी आहे, मग गरम का झाली? इथेच मी चुकले आणि माझ्यानंतर गाडी बघणारा प्रत्येक जण इथेच चुकला.

वाईतल्या मेकॅनिकने रेडिएटर उघडून साधं नळाचं पाणी टाकलं, म्हणाला कमी होतं थोडं, आता काय होत नाही जावा. खरंच काही झालं नाही, तीन आठवडे. मग धनकवडीत सिग्नलला परत दिवा. मग पुण्यातलं गॅरेज नंबर एक: फॅन लागत नाहीये म्हणून फॅनची मोटर आणि रिले (फॅनचा स्विच) बदलला. वीस दिवस ठीक. परत दिवा. गॅरेज नंबर दोन: रेडिएटर फ्लश (आतून धुणं), नवीन कूलंट (पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव), नवीन कॅप. या वेळी चांगला महिना गेला, मी घरात पेढे वाटायच्या बेतात होते. परत दिवा. मग टेंपरेचर सेन्सर. प्रत्येक वेळी काहीतरी बदलायचं, प्रत्येक वेळी रेडिएटर वरपर्यंत भरला जायचा, आणि गाडी नीट व्हायची ती त्या भरण्यामुळे, बदललेल्या पार्टमुळे नाही. हे मला आता कळतंय, तेव्हा वाटायचं की या वेळी नक्की सापडलं.

फॅनचं तर माझं मलाच कळायला हवं होतं. माझ्या गाडीत एकच फॅन आहे आणि एसी लावला की तो फिरायला लागतो. म्हणजे बॉनेट उघडून एसी लावायचा, फॅन फिरला तर मोटर चांगली आहे, वायरिंग चांगलं आहे, प्रश्न फॅनला "चालू हो" कोण सांगत नाहीये हा आहे. दोन मिनिटांची टेस्ट, फुकट. मी नवीन मोटर घालून घेतली आणि जुनी चांगली मोटर तिथेच सोडून आले.

डिसेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन पाचगणीला गेलो. पसरणी घाट सकाळी लवकर चढलो, गार हवा, दिवा लागला नाही. वर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, हीटर लाव गं जरा, पाय गार पडलेत. लावला, फुल गरमवर. गार हवा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, गारच. आणि डॅशबोर्डच्या आतून, बाजूच्या सीटच्या पायापाशी, माठात पाणी ओतताना येतो तसा बुडबुड आवाज. मला वाटलं हीटर बिघडला, एवढ्यासाठी कोण खर्च करणार, पुण्यात कुठे लागतो हीटर. सासूबाईंना शाल दिली. तो आवाज आणि ती गार हवा म्हणजे गाडी मला ओरडून सांगत होती की आत पाणी नाही, हवा आहे. हीटर चालतो तोच मुळी इंजिनाच्या गरम पाण्यावर, ते पाणी एका छोट्या जाळीतून फिरतं आणि त्यावरून हवा सोडली जाते. इंजिन तापलेलं असून हीटर गार म्हणजे त्या जाळीपर्यंत पाणी पोचत नाही. एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

जानेवारीत गॅरेज नंबर तीनने निदान केलं की हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) गेलंय. लॉजिक ऐकायला एकदम पक्कं: पाणी कमी होतंय, खाली कुठे लीक नाही, म्हणजे इंजिन पाणी पितंय. हेड उतरवायचं, लेथवर फेसिंग करायचं (घासून सपाट करायचं), गॅस्केट सेट, बोल्ट, परत जोडायचं, अठरा हजार. "आणि मॅडम, एकदा उघडतोयच तर थर्मोस्टॅट पण काढून टाकतो, आपल्याकडच्या हवेला लागत नाही तो." हे थर्मोस्टॅटचं प्रकरण इतक्या जणांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की त्यावर चार ओळी लिहितेच. थर्मोस्टॅट हा एक व्हॉल्व्ह म्हणजे झडप असतो, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही म्हणजे इंजिन पटकन गरम होतं. तो काढला की इंजिन बराच वेळ गारच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत तर तोच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो, म्हणजे काढून टाकलात तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. अडकला असेल तर नवीन घाला, काढून फेकू नका.

अठरा हजार ऐकून मी म्हटलं विचार करून सांगते, आणि घरी येऊन खरंच विचार केला.

आधी एक ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आणला, स्टेअरिंगच्या खाली पोर्ट असतो त्यात बसतो आणि मोबाइलवर कूलंटचं टेंपरेचर आकड्यात दिसतं. काटा नसलेल्या गाडीत हा घ्याच. नीट गाडीचे आकडे कसे असतात ते मी नंतर बघितले: हायवेला ८६ ते ९०, ट्रॅफिकमध्ये हळूहळू ९७-९८, फॅन लागतो, ९१ ला येतो, बंद. झोक्यासारखं. माझे आकडे मात्र ९३, मग अचानक ८४, मग ९०, मग एका मिनिटात १०९. धातूचा एवढा मोठा ठोकळा असा टुणटुण उड्या मारत गार-गरम होत नाही, म्हणजे सेन्सर कधी पाण्यात होता आणि कधी हवेच्या बुडबुड्यात. आणि सेन्सर हवेत असेल तर त्याला इंजिन किती तापलंय ते कळत नाही, मग तो फॅनला सांगणार काय? फॅन का लागत नव्हता त्याचं उत्तर इथे होतं.

हेड गॅस्केट खरंच गेलंय का हे बघायला घरी जमेल तेवढं केलं. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून बघितलं, दुधाच्या चहासारखा फेस नव्हता (गाडी फक्त जवळच्या जवळ फिरत असेल तर थंडीत तिथे थोडा ओलावा धरतो, तेवढ्याने घाबरू नका). सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही जाड पांढरा धूर येत राहतो का, नव्हता. सकाळी गार गाडीची कॅप उघडून, रेडिएटर काठोकाठ भरून स्टार्ट केली, सतत बुडबुडे येतायत का बघितलं. पहिली दोन-चार मिनिटं थोडे आले आणि थांबले, म्हणजे अडकलेली हवा निघाली. गॅस्केट गेलेलं असतं तर सिलिंडरमधला गॅस येतच राहिला असता. खात्री करायची तर काही गॅरेजवाल्यांकडे निळ्या पाण्याची टेस्ट ट्यूब असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, आत इंजिनाचा गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. अठरा हजारांचं काम काढायच्या आधी ही टेस्ट मागा, करत नसेल तर गॅरेज बदला. हे माझं मत, बाकी तुमचे पैसे.

हेड ठीक, लीक दिसत नाही, मग पाणी जातं कुठे? शेवटी मार्कर पेन घेतलं. सकाळी गाडी पूर्ण गार असताना बाटलीवर पातळीला रेघ मारली आणि तारीख लिहिली. ऑफिसला जाऊन आले, गाडी गरम असताना पातळी रेघेच्या बोटभर वर. हे बरोबरच आहे, पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं कॅपमधून बारीक नळीने बाटलीत येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार, पातळी परत रेघेवर यायला हवी. आली नाही. बोटभर वरच. तिसऱ्या दिवशी आणखी थोडी वर. चौथ्या दिवशी बाटली काठोकाठ आणि खालच्या ओव्हरफ्लोच्या नळीला थेंब. तेव्हा रेडिएटरची कॅप उघडली तर आत पाणी दिसेचना, बोट घातलं तर कोरडं. मोजून ९०० मिली पाणी बसलं. माझ्या गाडीत सगळं मिळून चार लिटरच्या आसपास बसतं, त्यातलं जवळजवळ लिटरभर नव्हतं, आणि शेजारी बाटली फुल!

म्हणजे पाणी बाटलीत जात होतं पण परत येत नव्हतं. परत येतं कसं तर गाडी गार होताना आतलं पाणी आकसतं, पोकळी होते, कॅपच्या मधोमध एक छोटी उलटी झडप असते ती उघडते आणि रेडिएटर बाटलीतलं पाणी स्ट्रॉने ओढल्यासारखं परत ओढून घेतो. स्ट्रॉ हा शब्द मुद्दाम वापरलाय. बाटलीच्या झाकणातून एक रबरी नळी आत तळापर्यंत गेलेली असते, तिचं टोक कायम पाण्यात बुडालेलं असावं लागतं. मी झाकण उचललं आणि त्याखाली नळीच नव्हती. जेमतेम दोन सेंटिमीटरचा बोडका तुकडा, कडेला चिरलेला. आत टॉर्च मारला तर गढूळ चहासारखं पाणी, काही दिसेना, वाकडी काडी घालून ढवळलं तेव्हा तळाशी काहीतरी मऊ लागलं. काढलं तर काळी नळी, वीतभर, एका टोकाला तुटलेली, दाबली की कुरमुऱ्यासारखी तडकणारी.

तर रोज असं होत होतं: गाडी तापली की पाणी बाटलीत, गाडी गार झाली की त्या बोडक्या तुकड्यातून हवा आत. रोज घोटभर पाणी बाहेर, घोटभर हवा आत. पंधरा-वीस दिवसांत लिटरभर. बाटली भरली की जास्तीचं रस्त्यावर थेंब थेंब, तेही चालत्या गाडीतून, म्हणून पार्किंगमध्ये कधी डबकं दिसलं नाही. आणि बाटली कायम फुल म्हणून दर सर्व्हिसिंगला टिक मार्क: कूलंट ओके. नळी कधी तुटली देव जाणे, आधीच्या मालकाच्या काळातही असेल, आणि नळाच्या पाण्याने आतलं सगळं गंजून गढूळ झालेलं म्हणून कोणाला दिसली नाही. कॅप नवीन घालूनही उपयोग का झाला नाही तेही कळलं, कॅप बिचारी आपलं काम करत होती, स्ट्रॉच तुटला होता.

दुरुस्ती म्हणाल तर हसाल. स्पेअर पार्टच्या दुकानातून झाकण आणि नळीसकट नवीन बाटली, कॅपपासून बाटलीपर्यंतची बारीक नळी आणि दोन क्लिपा, सगळे मिळून साडेचारशे. बाहेरची बारीक नळी पण बदला, तिला केसाएवढी चीर असेल तरी तेच होतं, पाण्याऐवजी हवा ओढली जाते. मग जुनं पाणी काढून दोन वेळा साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवून नवीन कूलंट भरलं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, अगदी स्वस्त. नळाचं, बोअरचं किंवा प्यायच्या बाटलीतलं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं, रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं याला काही एकच नियम नाही, मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय तेच भरा आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं आणि नेमकं हेच घाईत राहतं. पुढची चाकं थोडी वर येतील अशी गाडी चढावर लावली, गार इंजिन, कॅप काढलेली, हीटर फुल गरमवर (ब्लोअर एकवर चालेल), स्टार्ट करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवली. पाणी खाली बसत जातं तसं वरून थोडं थोडं टाकत राहायचं, अधूनमधून वरचा होज हाताने दाबायचा की बुडबुडे निघतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, घाबरायचं नाही, भरायचं. या वेळी तोंड कॅपच्या वर धरायचं नाही आणि उकळी आल्यासारखं वाटलं तर सरळ बंद करायची. काठोकाठ झालं आणि हीटरमधून गरम हवा आली की कॅप घट्ट बसवायची, मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवायची. रात्रभर गार झाल्यावर सकाळी परत दोन्ही पातळ्या बघायच्या.

कॅपवर ती किती दाब धरते त्याचा आकडा असतो तोही बघा, माझ्यावर ०.९ आहे. तेवढ्या जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलं की त्याहून वर. कॅप सैल असेल तर हा सगळा फायदा जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे-चौदाशे मीटर उंच, तिथे उघड्या भांड्यात पाणी ९५-९६ लाच उकळतं, म्हणजे गावात कशीबशी निभावणारी गाडी नेमकी घाटाच्या माथ्यावर का उकळते ते कळेल. दुकानदार दुसऱ्या आकड्याची कॅप "चालतंय हो" म्हणून देईल, घेऊ नका, जो आकडा होता तोच.

तुमच्या गाडीत रेडिएटरवर कॅपच नसेल आणि बाटलीचंच झाकण आट्याचं, जाड आणि प्रेशरवालं असेल तर हे नळीचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, तिथे बाटली म्हणजेच सिस्टिम, तिच्यातली पातळी खरी असते. तिथे पाणी कमी होत असेल तर बाटलीला बारीक चीर, झाकणाचं रबर, होजची टोकं आणि वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे पांढरट-हिरवे डाग शोधा, गरम इंजिनावर थेंब पडला की वाळून जातो, डाग मागे राहतो. आणि माझ्यासारखीच सिस्टिम असून रेघ सकाळी नीट खाली येते पण दर आठवड्याला दोन्हीकडचं पाणी मिळून कमीच होतं, तर मात्र बाहेर कुठेतरी लीक आहे किंवा खरंच हेड, तेव्हा प्रेशर टेस्ट करून घ्या.

रस्त्यात दिवा लागलाच तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि सुरक्षित जागा मिळाली की बंद. "घर जवळच आहे, जाऊ तेवढं" यात हेड खरोखर वाकतं, आणि मग त्या अठरा हजारांना पर्याय नाही.

माझी आता सात आठवडे आणि साधारण २,३०० किलोमीटर झाले. रोज संध्याकाळी बोटभर वर, सकाळी रेघेवर. मार्करची जुनी रेघ पुसट झाली म्हणून काल परत मारली. खालचा होज पाइप दाबल्यावर जरा कुरकुरतो, तो पुढच्या सर्व्हिसिंगला बदलायचाय, आणि वर्कशॉपवाला बाटली बघून टिक मारायला लागला की त्याला म्हणायचंय, कॅप उघडा.